हिशेबनिसाचा विश्वासूपणा
शास्त्रपाठ : एज्रा ८:२४-३४



मंदिरासाठी दिलेले सोनेरुपे घेऊन एज्रा यरुशलेमेस निघाला, तेव्हा वाटेत लुटारूंचे भय होते. तरी राजापाशी स्वार न मागता त्याने उपास व प्रार्थना करून देवावर भिस्त ठेवली. परंतु ते धन बारा याजकांच्या हवाली करिताना त्याने तोलून दिले. ते देवास वाहिलेले पुरुष आहेत हे तो जाणून होता, म्हणून तराजू बाजूस ठेविला नाही. यरुशलेमेस पोहोचल्यावर सर्व पुन्हा तोलण्यात आले व वजन लिहून ठेविले गेले. यावरून बोध हा की, विश्वास ठेवणे व मोजून घेणे ही परस्परविरुद्ध नव्हेत.

आपल्या जिल्ह्यास हा बोध फार लागू पडतो. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून ऊस, दूध व पतपेढी यांचा कितीतरी पैसा हिशेबनिसाच्या लेखणीखालून जात आला आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवविम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच असते. अशा वेळी गरिबाची झोप उडते, हे आम्ही जाणतो.

तर हिशेबनिसाने काय करावे? प्रथम, पावती दिल्यावाचून रक्कम घेऊ नये, व ती त्याच दिवशी कीर्दीत लिहावी. सायंकाळी शिल्लक मोजून कीर्दीशी ताडून पाहावी. दुसरे, चुकलेला आकडा खरवडू नये. आडवी रेघ मारून, बरोबर आकडा लिहून सही करावी. संगणकावरही मूळ नोंद पुसू नये. उलट नोंद करावी. तिसरे, संस्थेच्या पैशांतून दोन दिवसांची उसनवारीही करू नये.

सुवाच्य अक्षर व अचूक बेरीज या योग्यता खऱ्याच. परंतु सर्वांत मोठी योग्यता धैर्य होय. अध्यक्ष असो वा पाळक असो, पावतीवाचून खर्च लिहिणार नाही, असे नम्रपणे सांगता आले पाहिजे.

मंडळीचेही कर्तव्य आहे. तिजोरीची किल्ली व वही एकाच हाती देऊ नये. दान दोघांनी मिळून मोजावे. वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी हिशेब ऐकावा. तपासणीने प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाही. उद्या कोणी संशय घेतला, तर तीच त्याची साक्षीदार होते. म्हणून, बंधूंनो, आपली वही स्वतः पुढे करा आणि तपासून घ्या. प्रभु तुम्हांस विश्वासू राखो. आमेन.