तुझा भाऊ कुठे आहे?



काइनाला शिक्षा करण्याआधी परमेश्वर त्याला हाबेलाविषयी विचारतो. काइन उत्तर टाळतो.

दक्षिण आफ्रिकेतील गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने २०१५-१६ मध्ये, खर्च वाचवण्याचे कारण देऊन, हजाराहून अधिक मनोरुग्ण व बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना लाइफ एसिदिमेनीच्या केंद्रांतून हलवले. ज्या २७ संस्थांत ते गेले, त्यांपैकी एकीचाही परवाना वैध नव्हता. कित्येक जण भुकेने, तहानेने, थंडीने गेले. आपले माणूस कुठे नेले, हेही अनेक घरांना कळवले नव्हते. सरकारने आधी ३६ मृत्यू सांगितले. नातेवाईक विचारत राहिले आणि आकडा १४४ वर पोहोचला. २०१८ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. २०२४ मध्ये न्यायालयीन चौकशीने नऊ मृत्यूंसाठी तत्कालीन प्रांतिक आरोग्यमंत्री व एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. उरलेल्यांचे काय?

अशा घरांना 'झाले गेले, क्षमा करा' असे आपण (धर्मगुरूसुद्धा!) फार लवकर सांगतो. पापनिवेदनातही आधी पाप सांगावे लागते, मग क्षमा. जाब विचारणाऱ्या आईला सूडबुद्धीची म्हणू नये.

आजच्या मिस्सामध्ये त्या १४४ जणांचे स्मरण करू. आणि ज्यांचे कोणी आश्रमात आहे, त्यांनी या महिन्यात भेटून यावे. शक्यतो जेवणाच्या वेळी, न कळवता.