मसणातला तुकडा

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची रिंगणं लागतात. तीनशेच्या आसपास आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोखंड वापरणाऱ्या माणसांनी ती आपल्या मेलेल्यांभोवती मांडली. तसलंच एक रिंगण आमच्या गावच्या नाल्याकाठी होतं.

आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या आतेभावानं ते खणलं. सब्बल घरची, टोपलं शेजाऱ्याचं. सोनं निघेल असा पक्का हिशोब होता. गुडघाभर खणल्यावर निघालं एक खापर, आतून काळं, बाहेरून लाल. ते घेऊन घरी आलो तर आजी ओसरीवरच.

“काऊन रे पोट्टेहो, कोणाच्या मसणात हात घालून आले? उद्या तुमच्या आज्याच्या मातीत कोणी टिकास घातला तं चालन का?”

दुसऱ्या दिवशी खापर खड्ड्यात टाकलं, पायानं माती लोटली. आजीनं वरून हळद-कुंकू वाहिलं. मिटलं, असं वाटलं.

पुढं वाचनात आलं की एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज साहेबानंही जुनापाणीला खणलं होतं. तो मुलकी अधिकारी, हौशीच म्हणायचा. तिथली लोखंडी हत्यारं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मग 1961-62 साली पुरातत्त्व खात्यानं खणलं. पुढं टाकळघाट-खापा आणि माहुरझरीलाही उत्खनन झालं; माहुरझरीत तर घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज निघाला. आजीचा प्रश्न या साऱ्यांनाही लागू होताच की! पण त्यांनी खणलं नसतं तर मातीत कोण निजलं आहे हे आम्हाला कळलं नसतं, आणि दगड धुऱ्याला गेले असते. तसे ते गेलेच. आमच्याच धुऱ्यात दोन आहेत, बाबांनी बैलगाडीनं आणलेले. त्यांना आजी कधी बोलली नाही.

शिकलेली माणसं मातीचा एकेक थर उतरवतात, कुठं काय सापडलं ते मोजून लिहून ठेवतात. कारण एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. आम्ही काहीच लिहिलं नाही. वर ते खापर परत टाकलं. उद्या कोणी तिथं नीट खणलं तर त्याला ते वरच्या मातीत, भलत्याच जागी सापडेल आणि तो बिचारा त्याचा अर्थ लावत बसेल. आजीच्या लेखी आम्ही चूक निस्तरली होती. माझ्या लेखी ती तिथंच दुप्पट झाली.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. रिंगण नाल्याच्या डाव्या काठाला आहे. खड्डा उगवतीकडच्या मोठ्या दगडाला लागून, दोन हात रुंद.