शिंप्याचा मुलगा

हवालदार अब्दुल हमीद यांची गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण, जीपवरची तोफ, शत्रूचे रणगाडे, मरणोत्तर परमवीर चक्र. ते गाझीपूरकडच्या एका शिंप्याचे पुत्र, १९५४ साली फौजेत गेले, हे मात्र घाईने उरकतो. का? पोटासाठी भरती झालेला शूर नसतो काय? इतरांचा मुलगा लागला की शेजारी पेढे खातात, पगार विचारतात. आमच्या मुलाची नोकरी मात्र साऱ्या कौमच्या निष्ठेचा दाखला ठरते. आणि खरे सांगायचे तर तो दाखला पुष्कळदा आम्हीच पुढे करतो.

परवा आठवीतल्या एकाने विचारले, "सर, फौजेत पगार किती?" आम्ही रागावलो. त्याचे वडील शिवणकाम करतात. दुसऱ्या दिवशी त्याला पगार सांगितला. २०२२ च्या अग्निपथ योजनेतली चार वर्षांची मुदतही सांगितली.