मोटर आणि मॉनिटर

सोसायटीचा कॉम्प्युटर चालता चालता आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला, तेव्हा पहिला संशय आला तो बिलं काढणाऱ्या ताईंवर. यंत्र बिघडलं की आधी ते वापरणाऱ्याला धरायचं, ही आपली जुनी रीत. खजिनदार म्हणाले, "ताईंनी कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावला असणार. व्हायरस शिरला." ताईंनी पेनड्राइव्ह कधीच लावला नव्हता, पण हे सिद्ध कसं करायचं?

ही इमारत नेरूळची, सिडकोनं बांधलेली, चार मजली, सोळा घरांची. सिडकोची स्थापना 1970 सालची. त्यानंतर खाडीपलीकडच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर सेक्टरचे आकडे पडत गेले, त्यातलीच ही. सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एका भिंतीपलीकडे पंपरूम, दुसऱ्या भिंतीपलीकडे मीटररूम. मोरबे धरणाचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि वॉचमनमामा सकाळ-संध्याकाळ मोटर लावून ते गच्चीवर चढवतात. ताई दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी पाच ते आठ इथे येत. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीच्या नोटिसा, सगळं त्या एका जुन्या कॉम्प्युटरवर.

तो बंद पडायचा म्हणजे कसा? निळा पडदा नाही, सूचना नाही. स्क्रीन काळी, मग कंपनीचं चिन्ह, मग विंडोज पहिल्यापासून. तोवर सेव्ह न केलेल्या पावत्या गेलेल्या.

टेक्निशियन आला. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." पूर्वी प्रत्येक तापावर एकच लाल औषध देणारे कंपाउंडर असत, तसं हे आपल्याकडचं सर्वरोगहारी फॉरमॅट. ताईंनी रात्री बसून बॅकअप घेतला, तरी दोन वर्षांची नोटीसबुकं कुठेतरी राहिलीच. कॉम्प्युटर नवा कोरा झाला आणि तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा बंद पडला.

मग रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरनं उडवली. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. ही कामं वाईट नव्हेत; दमट हवेत रॅमच्या संपर्कांवर थर चढतो, हे खरंच आहे. पण आजार कोणता ते न बघता सगळे उपाय एकाच दिवशी केले, की गुण आला तरी कशानं आला ते कळत नाही, आणि नाही आला तर काय बाद करायचं तेही कळत नाही. खरं तर लक्षणं बोलत होती. उष्णतेनं बंद पडणारा कॉम्प्युटर सहसा बराच वेळ राबल्यावर, पंखा घरघरू लागल्यावर पडतो. रॅम सदोष असली तर बहुधा निळी स्क्रीन येते, फायली बिघडतात. काहीच न सांगता झटक्यात काळं होणं हे बहुतेक वेळा विजेकडे बोट दाखवतं.

ताईंच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, इव्हेंट व्ह्यूअर उघड. त्यात 41 आणि 6008 हे आकडे शोध." 41 नंबरच्या नोंदीचा गाजावाजा फार, पण ती एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नाही. का, ते तिलाही ठाऊक नसतं. 6008 मात्र उपयोगाची: कॉम्प्युटर अचानक कधी बंद पडला, ती वेळ तिच्यात असते. ताईंनी एक शाळकरी वही घेतली आणि प्रत्येक वेळ टिपून ठेवायला सुरुवात केली. कारण समजलं नव्हतं. निदान आपल्यावरचा आळ तरी कागदावर मोजला जावा, एवढाच हेतू.

कमिटीला वहीत रस नव्हता. टेक्निशियन म्हणाला, "यूपीएस घ्या, विषय संपला." यूपीएस आला आणि विषय खरोखर संपला. कॉम्प्युटर बंद पडेना. फक्त संध्याकाळी कधीतरी यूपीएस 'पीप पीप' करून गप्प बसे. थकबाकीदारांशी बोलताना ताईंना त्याचा त्रास होई. टेक्निशियननं बटण थोडा वेळ दाबून धरायला शिकवलं, आणि पीपही बंद झाली. सभेत टाळ्या वाजल्या. खजिनदारांनी व्हायरसचा मुद्दा मोठ्या मनानं मागे घेतला.

मे महिन्यात वॉचमनमामा सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, मीटररूममध्ये वास येतोय. रबर जळल्यासारखा."

"उन्हाळा आहे मामा. सगळंच तापतं," सेक्रेटरी म्हणाले. "आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचीच आहे. आता वायरिंगवर पैसे घालून काय करायचं?"

हे वाक्य गेल्या काही वर्षांत नवी मुंबईच्या जुन्या सेक्टरांत इतक्या जिन्यांवर ऐकू आलंय, की त्यावर सेक्रेटरींना एकट्याला दोष देणं अन्यायाचं होईल.

एका संध्याकाळी मामा ऑफिसच्या दारात थांबले. म्हणाले, "ताई, एक विचारू? मी मोटर लावली की तुमच्या त्या डब्यावर लाल दिवा लागतो. मला काचेतून दिसतो. तो कशाचा?"

ताईंनी कपाटातून वही काढली. मामांनी पंपरूममधून मोटरचं रजिस्टर आणलं. चालू किती वाजता, बंद किती वाजता, खाली सही. पाणी वाया गेल्याच्या एका भांडणानंतर सुरू झालेला शिरस्ता. दोघं दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. वेळा जुळेनात. वहीत 6.08, रजिस्टरात 6.05. वहीत 5.51, तिथे 5.48. ताई वही मिटणार एवढ्यात मामा हसले. "माझं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे हो. सात वर्षं झाली."

तीन मिनिटं मिळवल्यावर एकेक नोंद जागेवर बसत गेली. चार वेळा मात्र उरल्या. मामा डोकं खाजवून म्हणाले, "एअर पकडली की मोटर बंद करून परत लावतो. ते कुठे लिहितो मी?" मोटर लागली की दर वेळी कॉम्प्युटर पडत असे असं नाही, रजिस्टरात पुष्कळ दिवस असे होते की मोटर लागली आणि काही झालं नाही. म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण जेव्हा जेव्हा तो पडला, तेव्हा तेव्हा मोटर नुकती लागलेली होती.

सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण आता यूपीएस आहे ना?"

ताई पहिल्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेल्या. विद्युत मंडळात वायरमन म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या 2005 मध्ये, पण हे अजूनही 'आमचं बोर्ड' म्हणत. प्रत्येक वार्षिक सभेत हरकत घेत असल्यामुळे कमिटी त्यांना टाळायची. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. "मोटर लागते तेव्हा ऑफिसची ट्यूब मिणमिणते का?"

"मिणमिणते. पण ती तर सगळीकडेच..."

"सगळीकडेच म्हणजे कुठे कुठे, ते नंतर बघू."

त्यांनी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि मीटररूममधली सोसायटीच्या सामाईक लाईनची पेटी उघडली. न्यूट्रलच्या पट्टीवरचा स्क्रू सैल होता. वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत काळं पडून कुरकुरीत झालं होतं. वायर अ‍ॅल्युमिनियमची, पट्टी पितळेची, हवा खाडीची. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. वर्षानुवर्षं हे चाललं की घट्ट आवळलेला स्क्रूसुद्धा ढिला होतो. सांधा ढिला झाला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो आणि आणखी ढिला होतो.

मोटर दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेज. सुरू होताना ती क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो सगळा त्या सैल सांध्यातून जायचा आणि त्याच लाईनवरच्या ऑफिसचं व्होल्टेज धाडकन खाली यायचं. ट्यूब मिणमिणून सावरायची. कॉम्प्युटरला तेवढी सवलत नसते. मदरबोर्डला एसएमपीएसकडून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, 'वीज ठीक आहे' असा इशारा सतत मिळत असतो. तो तुटला की प्रोसेसर हातातलं काम टाकून देतो आणि इशारा परत आला की पहिल्यापासून सुरुवात करतो. एसएमपीएस जुना, त्यातले कपॅसिटर थकलेले, म्हणून तो इतरांआधी कोलमडायचा. यूपीएस आल्यावर कोलमडणं थांबलं. सांधा जळत राहिला.

आजोबांनी काळा भाग कापला, नवीन लग दाबून बसवला, पट्टी घासली, स्क्रू आवळला. मामांनी मोटर लावली. ताई यूपीएसकडे बघत होत्या. लाल दिवा लागला नाही.

पुढच्या सभेत खजिनदारांनी टेक्निशियनला बोलावून घेतलं. फॉरमॅटचे, पेस्टचे, यूपीएसचे पैसे त्यांच्या मनातून जात नव्हते. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही मला कॉम्प्युटर दाखवलात. मी कॉम्प्युटर बघितला. मीटररूमचा वास मला कुणी सांगितला होता?"

मामा कोपऱ्यात उभे होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आजोबांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. या वेळी हरकत नव्हती. एक सांधा असा निघाला तर बाकीच्या सोळा मीटरांचे तपासायला हवेत, रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, असं ते म्हणाले. ज्यांच्या घरी दिवे मिणमिणतात किंवा कुठलं यंत्र विचित्र वागतं, त्यांनी ताईंच्या वहीत नाव आणि वेळ लिहावी. एरवी सह्या घ्यायला दारोदार फिरावं लागे; त्या दिवशी सभा संपायच्या आत नऊ नावं पडली. पहिलं सेक्रेटरींचं होतं. त्यांचा फ्रिज वर्षभरापासून रात्री अकराच्या सुमारास गुरगुरायचा, आणि त्यासाठी त्यांनी मेकॅनिकला दोनदा बोलावलं होतं.