शिष्य की कूळ?

गरीब ख्रिस्ती माणसाविषयी मराठीत एक शेरा इतक्या सहजपणे मारला जातो की त्यात एक संपूर्ण सिद्धांत दडलेला आहे, हे मारणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. तो शेरा म्हणजे ‘पोटासाठी बाटला’. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या निर्णयाची कारणे बुद्धीत, काव्यात आणि स्वभावात शोधली गेली व अजूनही शोधली जातात. मांगवाड्यातल्या कुटुंबाने तोच विधी केला, तर मात्र शोध घेण्याची गरजच उरत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते. भरल्या पोटाच्या माणसाला आत्मा असतो आणि उपाशी माणसाला फक्त पोट असते, असा हा सिद्धांत आहे, आणि तो तपासायला जालन्यासारखी जागा दुसरी नाही.

मिशनऱ्यांनी शाळा, छापखाने आणि दवाखाने काढले, ही हकीकत सर्वपरिचित असल्याने येथे तिचा विस्तार नको. जालन्याचे वैशिष्ट्य असे की तेथील सर्वांत ठळक मिशनरी परदेशी गोरा नव्हता, तर मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला आणि 1843 साली बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण तरुण, नारायण शेषाद्री हा होता. पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड, म्हणजे त्याच वर्षी स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून फुटून निघालेला पंथ, याच्या वतीने त्यांनी निजामाच्या मुलखात, छावणीचे गाव असलेल्या जालन्यात ठाण मांडले, आणि मुख्यतः मांग व महार कुटुंबांत काम केले. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. 1873 साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेपर्यंत पोहोचलेल्या या गृहस्थाचे 1891 साली निधन झाले.

शेषाद्री कुटुंबाची सुरुवातीची कथा वरील सिद्धांताला मुळातच अडचणीची आहे. नारायणाच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. श्रीपताचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरीही त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले, आणि प्रायश्चित्त देऊन घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. वाद कशाचा होता? मुलाने येशूविषयी काय मानले याचा नव्हे, तर त्याने कोणाच्या घरी अन्न खाल्ले याचा. म्हणजे ज्या समाजाने पुढे मांगाला ‘भाकरीसाठी धर्म सोडला’ असे हिणवले, त्या समाजाच्या स्वतःच्या हिशेबातही धर्म भाकरीतच राहत होता. पोट आणि श्रद्धा यांची फारकत ही गरिबांसाठी खास राखून ठेवलेली कसोटी आहे.

या कसोटीचा सर्वांत थोर पुरस्कर्ता म्हणून महात्मा गांधींचे नाव घ्यावे लागते. 1936 साली जॉन मॉट या अमेरिकन ख्रिस्ती नेत्याशी बोलताना त्यांनी, गाईला धर्मोपदेश करण्यात जसा अर्थ नाही तसाच अस्पृश्यांना करण्यात नाही, अशा आशयाचे मत मांडले; धर्माधर्मातील तारतम्य ओळखण्याइतकी समज त्यांच्यापाशी नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. उपमेत अवमानाचा हेतू नव्हता, हे त्यांचे म्हणणे मान्य केले तरी युक्तिवाद सुधारत नाही. त्याआधी तब्बल ऐंशी वर्षे, 1855 साली, जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या कोवळ्या वयाच्या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात छापून आला होता, आणि ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हा प्रश्न तिने त्यात थेट देवालाच विचारला होता. ज्या प्रश्नावर पंडित अडखळतात तो ज्या वाड्यातून आला, त्या वाड्याला तारतम्य नाही असे म्हणणे हा केवळ आळस आहे. गांधींच्या विधानातला एक अंश मात्र टिकतो: देणारा बलवान आणि घेणारा हतबल असेल, तर घेणाऱ्याच्या होकारावर किती विसंबावे? हा अंश मॉटसारख्यांना चुकवता येणार नव्हता, आणि शेषाद्रींनाही चुकवता येत नाही.

येथे एक भेद मांडणे आवश्यक ठरते. शिष्य तो, जो गुरूपासून काही शिकतो आणि शिकून झाल्यावर गुरूशिवाय उभा राहू शकतो. कूळ ते, जे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर राबते आणि ज्याचे तेथले राहणे मालकाच्या मर्जीवर असते. बेथेल वसवण्यामागचे कारण रास्त होते. गावगाड्यात मांगाची उपजीविका बलुत्याशी, म्हणजे गावाची ठरलेली कामे केल्याबद्दल सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याशी बांधलेली असे, आणि त्या कामांत दोर वळण्याबरोबर देवाच्या उत्सवातली वाजंत्रीही येत असे. बाप्तिस्मा घेतलेल्याने वाजंत्री नाकारली की बलुतेही धोक्यात येई. तेव्हा धर्मांतराने भाकरी मिळण्याआधी ती जाण्याचीच शक्यता अधिक होती. बेथेलची जमीन ही त्या नुकसानीची भरपाई होती, आमिष नव्हे. परंतु भरपाई ज्याच्या हातून मिळते, तोच पाद्री, तोच शाळेचा चालक आणि तोच जमिनीचा व्यवस्थापक असेल, तर त्याच्या उपदेशाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत एका घराएवढी होते. भाकर घेतल्याने श्रद्धा खोटी ठरत नाही. नाकारण्याची वाट बंद झाली की ती खरी आहे हे कळण्याचा मार्ग मात्र उरत नाही, आणि शिष्य व कूळ यांतली सीमा नेमकी तेथे पुसली जाते.

विषयांतराचा दोष पत्करूनही जालना जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावाचा उल्लेख टाळवत नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत घर सांभाळून राहिले आणि धाकट्याने घर सोडून शिष्यांचे जाळे विणले; एकाच घरातून संसार आणि संप्रदाय असे दोन मार्ग फुटले. त्या संप्रदायात भिक्षेला, म्हणजे गृहस्थाच्या दारी जाऊन अन्न मागण्याला, फार महत्त्व होते. मागण्याच्या निमित्ताने लोकांची पारख होते हा तिचा व्यवहारी हेतू सर्वश्रुत आहे. परंतु तिचा परिणाम असाही होता की उपदेश करणारा उपदेश ऐकणाऱ्याच्या अन्नावर जगत असे. अर्थात त्या दारांत मांगवाड्यातली दारे किती असत, हे विचारल्यावर कौतुक बरेच आटते. तरी दिशा लक्षात घेण्यासारखी आहे, कारण शुभवर्तमानातही येशू आपल्या शिष्यांना थैली न घेता पाठवतो आणि ज्या घरी जाल तेथे पुढे येईल ते खा, असे सांगतो. दोन्ही परंपरांत भाकर ऐकणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे जाते. मिशनच्या कंपाउंडने, म्हणजे बंगला, शाळा, दवाखाना यांना कवेत घेणाऱ्या आवाराने, ही दिशा उलटी केली. आणि टिळकांनी उतारवयात मिशनचा पगार सोडून 1917 साली ‘देवाचा दरबार’ उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा दिली, त्यामागे ही उलटी दिशा सरळ करण्याची तळमळ असावी.

इथपर्यंत आलेला विचार मिशनला दोष देऊन थांबला असता, पण 1950 नंतर भाकरीची दिशा आणखी एकदा फिरली. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजले जात नाही. या नियमातून 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध वगळले गेले, ख्रिस्ती वगळले गेले नाहीत. जात मात्र बाप्तिस्म्याने जात नाही, हे आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांविषयी लिहिताना चर्चला खडसावून सांगितले होते. म्हणजे मातंग कुटुंबाने उघडपणे ख्रिस्ती म्हणवून घेतल्यास मांगवाडा तसाच राहतो आणि शिष्यवृत्ती व राखीव जागा जातात. ज्याच्यापाशी जमीन नाही, बंगला नाही आणि देणगीही नाही, असा एखादा कुटुंबवत्सल प्रचारक पत्र्याच्या खोलीत प्रार्थनासभा घेतो, तेव्हा तेथे येणाऱ्याला भाकर मिळत नाही. झालाच तर तोटा होतो. ‘पोटासाठी बाटला’ या सिद्धांताप्रमाणे ती खोली रिकामी असायला हवी.

ती रिकामी नसेल, तर तेथे बसणाऱ्या अनेकांच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ असेच लिहिलेले असण्याचा संभव आहे. यालाच आता ढोंग म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्यांत पूर्वी ‘पोटासाठी बाटला’ म्हणणारेही असतात: बाप्तिस्मा उघड घेतला तर पोटासाठी, लपवला तरीही पोटासाठी. वास्तविक हे लपवणे म्हणजे शेषाद्रींच्या बेथेलला जे साधले नाही ते साधण्याची धडपड मानता येईल, कारण असा माणूस उपदेश पाद्रीकडून घेतो आणि भाकर त्याच्याकडून घेत नाही; ती तो ज्या सरकारकडून घेतो, त्याचा उपदेश ऐकण्याचे बंधन स्वतःवर मानत नाही. तो दोघांचेही कूळ नाही. त्याच्या या दुहेरी वागण्यात लबाडी नाहीच असा दावा करता येणार नाही, परंतु त्या लबाडीची अट कोणी लिहिली, हा प्रश्न तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला विचारण्यापेक्षा आदेश लिहिणाऱ्यांना विचारणे अधिक न्याय्य आहे.