दूरच्या नगराची तयारी

शास्त्रपाठ : यिर्मया २९:१–१४, दानीएल १, योहान १९:२५–२७, प्रेषितांची कृत्ये १३:१–३



लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावी राहणाऱ्यांना निरोप देण्याची सवय असते. येथून एक रूळ बेळगाव-मिरजेकडे जातो, एक हुबळीकडे, तर एक कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे. ह्याच फलाटांवरून आपली माणसे नोकरीसाठी मुंबईस गेली, मुरगाव बंदरातून बोटीवर चढली, पुढे आखाती देशांत गेली. आता खानापूर, बेळगाव, निपाणी ह्या आपल्या भागातील एखाद्या घरी नवेच नाव निघते. मुलाला शांघायला बोलावणे आले आहे. मुलीची कंपनी तिला शेन्‌झेनला पाठवीत आहे. २०२० साली थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, त्यामुळे ही वाटही पुन्हा मोकळी झाली आहे.

मग घरात धावपळ सुरू होते. पदवीचे प्रमाणपत्र साक्षांकित करायचे, पोलिसांचा दाखला काढायचा, वैद्यकीय तपासणी करायची. नोकरीसाठी जाणाऱ्याने 'झेड' वर्गाचाच व्हिसा घेतला पाहिजे आणि तेथे पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत रहिवासाच्या परवान्यासाठी अर्ज केला पाहिजे. "आधी पर्यटक म्हणून जा, मग बघू," असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. ज्या कामाचा पहिला कागदच खोटा, त्यावर देवाचा आशीर्वाद कसा मागावा?

कागदांची तयारी होते, बॅग भरून होते. मनाची तयारी मात्र पुष्कळदा राहून जाते. तीसाठी आपण यिर्मयाच्या पत्राकडे वळू.

हे पत्र यरुशलेमेहून बाबेलास गेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. ते बंदिवान होते. आपली मुले करार करून, पगार ठरवून जातात. हा फरक आपण विसरू नये. तरी परक्या महानगरात मनाची जी अवस्था होते, ती फारशी वेगळी नसते. त्या लोकांविषयी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने गोड बातमी दिली होती की, दोन वर्षांतच सारे संपेल. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली. घरे बांधा, बागा लावा, संसार करा, ज्या नगरात देवाने तुम्हांला नेले त्याचे कल्याण इच्छा आणि त्यासाठी प्रार्थना करा, असा देवाचा निरोप त्याने कळविला.

हनन्याचा संदेश आजही आपल्या घरांत ऐकू येतो. "दोन वर्षे कशीबशी काढ, पैसा साठव, परत ये. तेथल्या माणसांशी तुला काय करायचे आहे?" आईबाप हे प्रेमापोटीच बोलतात. पण अशा मनाने गेलेला मनुष्य दोन वर्षे कोठेच राहत नाही. त्याचे शरीर शांघायला असते, मन लोंढ्याच्या फलाटावर, आणि देवाने त्याच्या शेजारी ठेवलेला मनुष्य त्याला दिसतच नाही.

पहिली गोष्ट : त्यांची भाषा शिका

दानीएल व त्याचे सोबती खास्द्यांची भाषा व विद्या मन लावून शिकले. राजाच्या अन्नाविषयी त्यांनी मनात निश्चय केला होता, पण भाषेचा विटाळ मानला नाही. काय सोडायचे आणि काय शिकायचे, हे त्यांना कळत होते.

ह्या बाबतीत आपल्याजवळ एक जुना दाखला आहे. ज्या लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात सुवार्तेचे काम सुरू केले, तिनेच १८०७ साली रॉबर्ट मॉरिसन ह्यांना चीनच्या कँटन शहरी, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पाठविले होते. मॉरिसन ह्यांनी लंडनमध्येच एका चिनी तरुणाकडून भाषा शिकण्यास आरंभ केला आणि तेथल्या संग्रहालयातील चिनी हस्तलिखित हाताने उतरून घेतले. त्या काळी परक्याला चिनी शिकविणे हा त्या देशात गुन्हा होता. तेथे राहता यावे म्हणून १८०९ पासून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीत दुभाष्याची नोकरी केली. पहिला बाप्तिस्मा व्हायला १८१४ साल उजाडले. संपूर्ण पवित्र शास्त्र चिनी भाषेत छापून व्हायला १८२३. आणि गंमत पाहा, ज्या श्रीरामपूरच्या छापखान्याने १८११ साली मराठी नवा करार दिला, त्यानेच १८२२ साली मार्शमन ह्यांचे चिनी पवित्र शास्त्र पूर्ण केले. आपले आणि त्यांचे शास्त्र एका छापखान्यात तयार झाले आहे!

आपण सीमाभागातील लोक. भाषा म्हणजे माणसाचा मान, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परका मनुष्य आपल्या दारी येऊन मराठीत दोन शब्द बोलला, तर आपण त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. चिनी शेजाऱ्याचे मनही तसेच आहे. म्हणून निघण्यापूर्वी चार-सहा महिने रोज अर्धा तास त्या भाषेला द्या. ज्या घरी मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू एकाच दिवसात कानी पडतात, तेथल्या मुलांना हे जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट : त्या नगराचे कल्याण इच्छा

शांघायची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ४९ लाख भरली. एवढ्या गर्दीत आपल्यासारख्या एका माणसाच्या असण्या-नसण्याने काय होणार, असे कोणी विचारील. आपल्याच किनाऱ्याचा इतिहास ह्याचे उत्तर देतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जात असे. त्या व्यापारात पुष्कळ घरे श्रीमंत झाली, तेथे मात्र असंख्य घरे बुडाली आणि १८३९ ते १८४२ ह्या काळात युद्ध झाले. त्याच मुंबईहून सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर बोटीने निघाले आणि कँटनला उतरले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जपानशी चाललेल्या युद्धातील जखमींची सेवा करण्यासाठी ते गेले होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, तेथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविले, तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. आजही त्या देशात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ते ख्रिस्ती नव्हते. पण चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकविणाऱ्यांना हे अडू नये. प्रभूनेही सेवेचा धडा देण्यासाठी परक्यालाच पुढे केले.

बंदर एकच होते. एकाने त्या नगरांतून घेतले, दुसऱ्याने त्या लोकांना दिले. जाणाऱ्या प्रत्येकाने बॅग भरताना स्वतःला विचारावे, "मी ह्यांपैकी कोणाच्या मागे चाललो आहे?" डॉक्टर असलेच पाहिजे असे नाही. हिशोब सरळ ठेवणारा, यंत्रावर नीट काम करणारा, हाताखालच्या कामगाराला मानाने वागविणारा मनुष्यही नगराचे कल्याणच करतो.

तिसरी गोष्ट : उपासनेची खिडकी उघडी ठेवा

दानीएलाची खिडकी यरुशलेमेच्या दिशेने उघडी असे व तो दिवसातून तीनदा प्रार्थना करी. जाणाऱ्याने आपली खिडकी आधीच ठरवावी. चीनमध्ये कोट्यवधी ख्रिस्ती आहेत. नान्‌जिंगच्या अ‍ॅमिटी छापखान्यात २०१९ पर्यंत पवित्र शास्त्राच्या २० कोटी प्रती छापून झाल्या. पण परदेशी लोकांच्या उपासनेसाठी १९९४ पासून तेथे सरकारी नियम आहेत. एकत्र उपासना मान्य ठिकाणीच करावी लागते. परवानगीवाचून उपदेश करणे व पत्रके वाटणे मना आहे. स्वतःपुरते पवित्र शास्त्र नेता येते. पाहुण्याने घराचे नियम पाळावेत. आपल्या उतावीळपणाची किंमत पुष्कळदा तेथल्या बंधूंना मोजावी लागते. प्रामाणिक काम आणि शुद्ध जीवन ह्यांना मात्र कोणत्याही देशात परवाना लागत नाही.

चौथी गोष्ट : मागे राहणाऱ्यांची व्यवस्था

डॉ. कोटणीस चीनमध्ये पोहोचल्यानंतर थोड्याच काळात वडील वारल्याची बातमी त्यांना मिळाली. ते परतले नाहीत. ही वेळ कोणावरही येऊ शकते, आणि तिच्याविषयी निघण्यापूर्वी बोलायला आपण सारे कचरतो. वडिलांना दवाखान्यात कोण नेईल? औषधाचा खर्च कोणत्या खात्यातून होईल? येणे शक्य झाले नाही, तर खांदा कोण देईल? हे विचारणे अभद्र नव्हे. आपल्या प्रभूने वधस्तंभावरच्या वेदनांतही आईला योहानाच्या हाती सोपविले. ज्याने जगाचे पाप वाहिले, त्याने आईच्या घराचाही विचार केला. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला योहान शोधावा.

तो योहान मंडळीतूनच मिळायला हवा. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना केली, बर्णबा व शौल ह्यांच्यावर हात ठेवले आणि मग त्यांना पाठविले. आपण मात्र हार घालतो, फोटो काढतो आणि पुढच्या रविवारी विसरतो. ज्याला मंडळीने पाठविले आहे, त्याच्या आईबापांचे दार मंडळीने आठवड्यातून एकदा तरी ठोठावले पाहिजे. आपले व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद आहे आणि त्यांचे वुईचॅट भारतात २०२० पासून बंद आहे. म्हाताऱ्या आईशी कोणत्या मार्गाने बोलायचे, हे मंडळीतल्या एखाद्या तरुणाने आधीच बसवून द्यावे. तेथले घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. लोंढ्यात सकाळी दहाची उपासना सुरू होते, तेव्हा शांघायला दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्या वेळी एक मिनिट दोन्हीकडे एकच प्रार्थना व्हावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ह्या महिन्यात नकाशा आणून मुलांना बाबेल, अंत्युखिया, बेळगाव आणि शांघाय ही चारही नगरे दाखवावीत, आणि आपल्या मंडळीतून दूर गेलेल्यांची नावे फळ्यावर लिहून एकेका मुलाला एकेक नाव प्रार्थनेसाठी द्यावे. ह्याच मुलांपैकी कोणीतरी उद्या निघणार आहे. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करते, हे त्याला आजपासून माहीत असू द्या.

यिर्मयाच्या पत्रात देवाने एक वचन जोडले आहे: त्याच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, आणि जो त्याला मनापासून शोधतो त्याला तो सापडतो. ते पत्र यरुशलेमेच्या पत्त्यावर गेले नव्हते. बाबेलच्या पत्त्यावर गेले होते. जाणाऱ्यांना तेथे आणि राहणाऱ्यांना येथे तो एकच देव सापडो. आमेन.