दबक्या आवाजातले गाणे

आईने देवापुढे एकटीने म्हटलेले गाणे मुलाने तिकीट लावून चारचौघांत म्हणावे काय? म्हटले तर बिघडले कुठे, असे कोणीही चटकन म्हणेल. पण त्या गाण्यात आईचे उपास आहेत, तिच्या पाठीवरचे वळ आहेत, तिच्या कुशीतून ओढून नेऊन विकलेली पोरे आहेत. आणि ऐकणारे लोक विकणाऱ्यांच्या जातकुळीचे आहेत. आता काय म्हणाल? आणि त्या तिकिटांच्या पैशांतून शाळा उभी राहणार असेल तर?

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरी १८७१ साली नऊ विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न खरोखरीच येऊन उभा राहिला. १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे सैन्याच्या रिकाम्या पडलेल्या इस्पितळी बराकींत मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पुढे तिचेच विद्यापीठ झाले. जुन्या गुलामबाजारात पडलेल्या गंजक्या बेड्या गोळा करून त्या मोडीत विकल्या आणि त्या पैशांतून मुळाक्षरांची पुस्तके घेतली, अशी त्या शाळेची आठवण सांगतात. विद्येचा याहून अर्थपूर्ण श्रीगणेशा क्वचितच कोठे झाला असेल.

या शाळेत १८६८ साली एला शेपर्ड नावाची सतरा वर्षांची मुलगी आली. गाठीला सहा डॉलर. तिला बापाने पैसे मोजून सोडवले होते. आई मात्र दूर दक्षिणेत विकली गेली होती. संगीताचे तिला वेड. पूर्वी सिनसिनाटीत एका गोऱ्या शिक्षिकेने तिला गाणे शिकवायचे कबूल केले होते. पण अट अशी की, रात्री यायचे, मागल्या दाराने यायचे आणि कोणाजवळ बोलायचे नाही. फिस्कमध्ये तीच मुलगी पुढे संगीत शिकवू लागली. मागल्या दाराने मिळालेली विद्या तिने पुढल्या दाराने वाटली.

शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे गोरे गृहस्थ मुलांना गाणे शिकवीत. शिकवीत ते अर्थातच युरोपीय रचना आणि त्या काळची लोकप्रिय गीते. परंतु फावल्या वेळी ही मुले जमिनीवर बसून, दबक्या आवाजात, एकमेकांकडून आपल्या आईबापांची भजने शिकत. ती चारचौघांत म्हणण्याचे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. एलाने पुढे याची दोन कारणे सांगितली आहेत. एक, ती गाणी गुलामगिरीची आठवण करून देत, आणि ती आठवण तर पुसायची होती. दुसरे, ती आईबापांच्या उपासनेची गाणी होती, पवित्र होती.

या दोन कारणांपाशी मी नेहमी थबकतो. एक लाजेचे, दुसरे भक्तीचे. एकाच गाण्याची लाजही वाटावी आणि तेच देव्हाऱ्यातही असावे, हे विचित्र खरे. पण शिकू लागलेल्या प्रत्येक पिढीच्या मनात घराविषयी हीच दोन माणसे एकमेकांना खेटून बसलेली असतात. त्यातच भर म्हणजे, तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांचे खेळ तेव्हा गावोगाव चालत. स्वतःचे गाणे घेऊन रंगमंचावर जावे, तर लोक हसायलाच बसलेले!

पण शाळेची तिजोरी रिकामी झाली होती. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी व्हाइट नऊ मुलामुलींना घेऊन निधी जमवण्यासाठी निघाले. त्यांतली बहुतेक गुलामगिरीतच जन्मलेली. त्याच आठवड्यात शिकागो शहर जळाले. या मुलांनी सुरुवातीच्या एका जलशाची सगळी कमाई, पन्नास डॉलरांच्या आतलीच, त्या जळितग्रस्तांना देऊन टाकली. पुढे गावोगाव खाणावळींची दारे त्यांच्या तोंडावर बंद होत. आणि श्रोते? गोऱ्यांच्या धाटणीची गीते ते सौजन्याने ऐकत. नोव्हेंबरमध्ये ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या परिषदेत मुलांनी ती दबक्या आवाजातली भजने म्हटली आणि सभा निःशब्द झाली. तेथून सारे बदलले. पहिल्याच दौऱ्याने वीस हजार डॉलर शाळेच्या हाती आले. १८७३ मध्ये ही मंडळी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायिली. आणि १८७६ मध्ये गाण्यांच्या कमाईतून ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली. गंमत पाहा, १८७३ सालीच इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता नव्हता; पण जखमेची ओळख होती.

मग हे गाणे विकले गेले काय? किंमत तर पडली. त्या दगदगीत कित्येक गायकांच्या प्रकृती कायमच्या ढासळल्या. त्याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. जॉन वर्क नावाचे फिस्कमधील प्राध्यापक या गाण्यांचा संग्रह करीत, विद्यार्थ्यांकडून ती गाऊन घेत. १९२३ साली त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यात या लोकसंगीताविषयीच्या अनास्थेचाही भाग होता. ज्या गाण्याने भिंती उभ्या केल्या, त्यालाच त्या भिंतींआड जागा अपुरी पडावी! लाज ही एकदा गेली म्हणून कायमची जात नाही. शिक्षणाबरोबर ती नवे कपडे घालून परत येते.

मला वाटते, विक्री आणि दान यांतला फरक पैशाने ठरत नाही. नक्कल करणाऱ्या नटानेही पैसे घेतले, या मुलांनीही घेतले. परंतु नटाला त्या गाण्याचे काहीच देणे लागत नव्हते. ही मुले आधी जमिनीवर बसून, कोणी ऐकत नसताना, ती गाणी एकमेकांपाशी शिकली होती. आधी आपल्यांत बसून जे नीट ऐकले, तेच परक्यांपुढे ताठ मानेने म्हणता येते. आणि मिळाले ते मागून येणाऱ्यांसाठी ठेवले, तर गाणे विकले जात नाही. ते वारशाने पुढे जाते.

काळ्या लोकांसाठी निघालेली अशी शंभराच्या आसपास महाविद्यालये आणि विद्यापीठे आज अमेरिकेत आहेत. फिस्कच्या गायकवृंदाचे नेतृत्व १९९४ पासून २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॉल क्वामी यांनी केले. ते आफ्रिकेतल्या घानाचे. फिस्कमध्ये विद्यार्थी म्हणून आले होते. ज्या खंडातून माणसे बेड्या घालून नेली, तेथला एक मुलगा त्यांच्या नातवंडा-पतवंडांना त्यांच्याच पूर्वजांचे गाणे शिकवीत राहिला. २०२१ मध्ये त्या वृंदाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

पण पारितोषिकाहून मला दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. दरवर्षी ६ ऑक्टोबरला आजचे गायक विद्यार्थी नॅशव्हिलमधील त्या पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात आणि गातात. तेथे तिकीट नसते. देणे ज्यांचे, त्यांच्यापुढेच ते फेडायला बसलेले असतात. आणि असे देणे फिटत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच पुढल्या वर्षी पुन्हा येतात.